याद्यांतला लॅपटॉप

“उचलून तरी बघा की वो नाना,” किरणराव म्हणाले आणि माझा लॅपटॉप त्यांनी आपल्या सासऱ्यांच्या हातात दिला.

नानांनी तो गुळाची ढेप धरावी तसा दोन्ही हातांनी धरला, खालीवर केला आणि डोळे मोठे केले. “आयला! पोरगी रोज हे खांद्यावर घेऊन हिंडती? पाठ मोडायची की हिची.”

बैठकीतले सगळे हसले. आमचे आण्णा, म्हणजे माझे वडील, तर जरा जास्तच हसले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते आणि माझ्या हातात कपबशांचा ट्रे होता. तो नसता तर मी तिथल्या तिथं लॅपटॉप हिसकावून घेतला असता. कारण सकाळपासून तो माझ्या खोलीत कामाला लागलेला होता. आण्णा आत गेले, वायर उपसली, झाकण मिटलं आणि पाहुण्यांना दाखवायला घेऊन आले. मला विचारलंसुद्धा नाही.

मी तेव्हा शिरोलीच्या एमआयडीसीत एका फौंड्रीत मेथड्स इंजिनिअर होते. म्हणजे काय, हे मला आजही लोकांना समजावून सांगावं लागतं. लोखंडाचा तापलेला रस साच्यात कुठून ओतायचा, आत तो कसा फिरेल, कुठं शेवटी थिजेल, कुठं पोकळी राहील, हे आधी कॉम्प्युटरवर बघायचं आणि मग साचा करायचा. नाहीतर वरून गुळगुळीत दिसणारं कास्टिंग गिऱ्हाइकाच्या मशीनवर चढतं, आत फुगे निघतात आणि अख्खा माल शिव्यांसकट परत येतो. हा हिशोब तासन् तास चालतो. त्याला ताकदीचं मशीन लागतं, आत मोठा पंखा लागतो, म्हणून ते जाड आणि जड असतं. माझ्या पगारातून मी ते घेतलं होतं. सोमवारी पंपाच्या एका हाऊसिंगची, म्हणजे बाहेरच्या कवचाची, ट्रायल होती आणि त्याचाच हिशोब आण्णांनी वायरीसकट उपसून आणला होता.

त्या रविवारी आमच्याकडं याद्या होत्या. लग्न ठरल्यातच जमा होतं. कार्यालय कुठलं, मानपान कसा, साड्या कुणी किती घ्यायच्या, हे दोन्हीकडच्यांनी बसून कागदावर घ्यायचं आणि शेवटी सुपारी फोडायची. सुपारी फुटली की ठरलं, मग माघार नाही. इचलकरंजीहून होगाडे मंडळी आली होती. नवरा मुलगा संकेत, त्याचे वडील नाना, त्याचे मेहुणे किरणराव आणि लग्न जमवणारे आप्पा म्हेत्रे. बायका साखरपुड्याला येणार होत्या. याद्या म्हणजे पुरुषांचं काम. ज्या पोरीचं लग्न तिनं चहा द्यायचा आणि दाराआड उभं राहायचं.

संकेत मला बघायला आला तेव्हा मी एकच अट घातली होती. दागिने नकोत, थाट नको, काही नको. फक्त लग्नानंतरही मी फौंड्रीत जाणार. इचलकरंजीहून शिरोली म्हणजे काही विलायत नव्हे, गाडीवरून जाऊन येईन. एवढं कबूल असेल तरच पुढं बोलू. तो म्हणाला होता, “शंभर टक्के. तुझं काम ते तुझं काम.” नंतर एकदा तो मला फौंड्रीच्या गेटवर भेटायला आला. मी शेडमधून तशीच बाहेर आलेली, काळ्या वाळूनं बूट माखलेले, केसांत भुकटी. तो बघतच राहिला आणि म्हणाला, “भारी दिसतीयस.” मला तो आवडला. उगाच कशाला लपवू, खरंच आवडला होता.

तर याद्या. साड्या झाल्या, कार्यालय झालं, आचारी झाला, आणि मग नानांनी मांडी बदलत सांगितलं, “साखरपुड्यात आमच्याकडनं मुलीला अंगठी तर हायच. पण शिकलेली पोरगी हाय, म्हणून एक लॅपटॉपबी देणार. नवीन, हलका. काय वो किरणराव, सांगा की तुम्ही.”

किरणराव पुण्याच्या एका कंपनीत होते. होगाड्यांच्या घरात मिक्सर घ्यायचा असो की मोटार, शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनी मोबाईल काढला, फोटो दाखवला. चांदीच्या रंगाचा, पाटीएवढा पातळ. फोटो हातोहात फिरला. आणि मग जी काही चर्चा सुरू झाली, बाई गं! माझ्या लग्नाला वेळ दिला नाही एवढा त्या लॅपटॉपला दिला.

“वजन म्हणाल तर किलोभर. पर्समध्ये मावतोय,” किरणराव म्हणाले.

“मोडायचा न्हाई न्हवं? पापडागत दिसतोय,” नाना.

“धातूची बॉडी आहे नाना. कप सांडू नका फक्त त्याच्यावर.”

“आणि सीडी कुठनं घालायची?” आप्पा म्हेत्रे फोटो उलटासुलटा करून बघत होते.

“सीडी कोण वापरतंय आता आप्पा?”

“कोण म्हंजे? माझ्या नातवाच्या बारशाची सीडी हाय की घरात. ती काय आता आरतीच्या ताटात ठेवू?”

परत हशा. आण्णांना वाटलं आपणही काहीतरी विचारावं. “लाईट गेली तर?” ते म्हणाले.

“सकाळी चार्ज केला की दिवेलागणीपर्यंत बघायला नको.”

“हे बेस झालं.”

“आणि आवाज अजिबात नाही. पंखाच नसतो आत. शेजारी पोर झोपलं तरी उठायचं नाही.”

पोर! सुपारी फुटली नव्हती आणि पोर निजवून झालं होतं. मी आईकडं बघितलं. ती गॅसपाशी पाठमोरी उभी राहून खीर ढवळत होती. खीर कधीच झाली होती, पण ती ढवळतच होती.

“तोटं बी सांगा की,” नाना म्हणाले. “वस्तू घेताना दोन्ही अंगं बघावीत.”

“तोटे आहेत. बिघडला तर आपल्याकडच्या दुकानात उघडता येत नाही. आत काही वाढवता येत नाही, घेतला तसा शेवटपर्यंत. भोकं कमी, त्यामुळं पेनड्राइव्ह लावायला मध्ये एक जोड लागते. आणि फार काम दिलं की तापतो, मग सावकाश चालतो.”

“चालू दे की सावकाश. घाई कुणाला हाय?”

“तसंच म्हणतोय मी. घरात कुठंही बसून काम करता येतंय. सोफ्यावर, गॅलरीत, अगदी ओट्यावर ठेवला तरी जागा अडत नाही. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत चार मेल हातावेगळे.” मग त्यांनी माझ्या लॅपटॉपकडं मान वळवली. “आणि हा बघा. हा ओट्यावर ठेवला तर पोळपाट कुठं ठेवायचं?”

तेव्हाच नानांनी तो हातात घेऊन माझ्या पाठीची काळजी केली होती. इतका वेळ मी गप्प होते. पण ओट्याचं नाव निघालं आणि माझ्या डोक्यात काहीतरी सटकलं. मी ट्रे खाली ठेवला आणि पुढं झाले.

“त्या लॅपटॉपवर माझं सॉफ्टवेअर चालणार नाही,” मी म्हणाले.

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. याद्यांत मुलगी बोलते हेच त्यांना नवीन होतं.

“कुठलं सॉफ्टवेअर?” किरणरावांनी विचारलं. मी नाव सांगितलं. माणूस जाणकार होता, लगेच मान हलवली. “हां, मग नाही चालायचं. नाना, ती म्हणती ते बरोबर आहे. असल्या हेवी कामाला हा नाही. पाच-दहा मिनिटांत तापून बसेल.”

“पण हेवी काम करायचं कुणाला हाय?” नाना म्हणाले.

ते इतक्या सहज म्हणाले की मला आधी नीट कळलंच नाही. मी आण्णांकडं बघितलं तर आण्णा सतरंजीवरची धूळ बघत होते. संकेतकडं बघितलं तर तो मोबाईल बघत होता. आप्पा म्हेत्रे सुपारीच्या ताटातल्या अक्षता नीट करायला लागले.

“म्हणजे?” मी विचारलं.

“बाळ, तसं न्हवं,” नाना मायेनं म्हणाले. त्या मायेचा मला आजही संताप येतो. “ते भट्टीतलं, धुरातलं काम आता कशाला? चार गडीमाणसांत. आमच्यात सुना असल्या जागी जात न्हाईत. तुझं शिक्षण वाया जाऊ नये म्हणून तर हलका लॅपटॉप देतोय. घरात बसून काय करशील ते कर, आम्ही मोडता घालणार न्हाई. आण्णांचं आणि माझं बोलणं झालंय सगळं.”

“झालंय?”

“व्हय. मागंच.”

“संकेत,” मी म्हणाले, “जरा वर ये.”

मांडी घालून बसलेल्या नवऱ्या मुलाला सगळ्यांसमोर असं नावानं हाक मारलेली. आण्णांचं तोंड लाल झालं. “हर्षदा, आत जा,” ते दातांतून म्हणाले. मी जिना चढायला लागले. संकेतनं नानांकडं बघितलं, नानांनी हातानंच जा म्हणून सांगितलं, मग तो आला.

गच्चीवर आईनं कुरडया वाळत घातल्या होत्या. ऊन टोचत होतं. तो टाकीच्या सावलीत उभा राहिला आणि मी उन्हातच राहिले.

“तुला माहीत होतं?”

“अगं, आधी ऐकून तरी घे.”

“माहीत होतं की नाही, एवढंच सांग.”

“होतं. पण काम सोड असं कोण म्हणतंय? लॅपटॉप देतोय की आम्ही.”

“लॅपटॉप देतोय म्हणजे काम देतोय?”

“कॉम्प्युटरवरच तर करतेस ना तू सगळं?” तो खरोखरच गोंधळून म्हणाला. “मग इथं बसून केलं काय आणि तिथं बसून केलं काय?”

एवढे दिवस फोनवर मी याला काय सांगत होते? साचा भरताना मी तिथं वाकून बघते, रस ओतताना समोर उभी राहते, कास्टिंग फोडून आतला भाग हातानं चाचपते, आणि मग कुठं स्क्रीनवरच्या आकड्यांना अर्थ येतो. सगळं सांगितलं होतं मी. हौसेनं सांगितलं होतं. तो हूं हूं करत होता आणि त्याच्या डोक्यात मी खुर्चीवर बसून बटणं दाबणारी बाई होते.

“आणि चालणारच नाही ते त्याच्यावर, हे आत्ता ऐकलंस ना खाली?”

“मग दुसरं काहीतरी कर. किरणभाऊजी म्हणत होते, ऑनलाईन शिकवणी घेता येते. डेटा एंट्री आहे. आरामात होईल.”

“डेटा एंट्री!”

“हळू बोल ना, खाली ऐकू जातंय.”

“जाऊ दे. शब्द दिला होतास तू मला.”

“दिला होता. मनापासून दिला होता. पण नाना ऐकायलाच तयार नव्हते. म्हटलं, आधी लग्न तर होऊ दे, मग समजावू सावकाश.”

“कधी कळलं तुला?”

तो टाकीच्या नळाशी चाळा करायला लागला.

“कधी?”

“महिना झाला असेल.”

महिनाभर! महिनाभर हा माणूस रोज संध्याकाळी फोन करून मला विचारत होता, हाऊसिंगचं काय झालं, फुगे गेले का, साहेब काय म्हणाले. आणि मी मूर्खासारखी उत्तरं देत होते. मला त्याच्या नकाराचा इतका राग आला नसता, खरंच सांगते. सरळ नाही म्हणाला असता तर रडले असते, दोन दिवसांत उठून कामाला लागले असते. पण त्या चौकशांनी माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

“चिडू नकोस गं,” तो म्हणाला. “आणि हे हलक्या लॅपटॉपचं आमच्या डोक्यातलं नाहीये. तुमच्याच घरातनं आलंय ते.”

झालं. मी त्याला तिथंच टाकीच्या सावलीत सोडून खाली आले. मागच्या जिन्यानं, थेट स्वयंपाकघरात. दार लावून घेतलं.

“आई, आण्णांनी विकलं मला,” मी म्हणाले. “परस्पर हो म्हणून बसलेत. वरून लॅपटॉपची युक्ती काढलीय. वा! पोरीला पापड दिला की ती गप्प बसंल. इतकी हलकट युक्ती कुणाला सुचते गं?”

आईनं डाव खाली ठेवला.

“मला,” ती म्हणाली.

मी तिच्या समोर जाऊन उभी राहिले.

“आण्णांना त्यावरनं बोलू नको. लॅपटॉपचं मी सांगितलं.”

“तू?”

“ते सगळंच बंद म्हणत होते. नानांचा फोन आला तेव्हा मी इथंच होते, कणीक मळत. बाहेर जायचं नाही, नोकरी नाही, काही नाही. तुझे आण्णा हो हो करत होते. स्थळ चांगलं, पोरगा निर्व्यसनी, घरचं दुकान, आपल्यातलंच घर. त्यांना दुसरं काही दिसत नव्हतं. मग मी आप्पांना गाठलं देवळाच्या दारात. म्हटलं, आप्पा, माझी पोरगी हुशार आहे, तिला नुसती रांधायला लावू नका. निदान घरात बसून तरी काहीतरी करू द्या तिला. त्यांनी शब्द टाकला. किरणराव म्हणाले, त्याला हलका लॅपटॉप बरा. नाना कबूल झाले. मी त्या दिवशी देवापुढं साखर ठेवली.”

“साखर ठेवलीस!”

“ठेवली. तेवढं तरी सुटलं म्हणून.”

“आणि मला सांगायचं?”

“तू मोडलं असतंस.”

“मोडलंच असतं!”

“म्हणूनच नाही सांगितलं.”

बाहेर नाना काहीतरी बोलले आणि आण्णा मोठ्यानं हसले. ते हसणं दबलेलं, लाचार होतं. मला वाटलं, भांड्यांचं शेल्फ उलथून टाकावं.

“सगळ्यांनी ठरवलं,” मी म्हणाले. “त्याला माहीत, आण्णांना माहीत, तुला माहीत, त्या आप्पालासुद्धा माहीत. ज्याला सीडी घालायचं भोक पाहिजे त्यालासुद्धा माहीत की मी उद्यापासून काय करणार. एक मीच खुळी. रोज डबा घेऊन कामाला चाललीय.”

“हळू बोल.”

“नाही बोलणार हळू.”

“हर्षदा,” आई म्हणाली, आणि आता तिचाही आवाज चढला. “तुला काय वाटतं, तेवढं मिळवणं सोपं होतं? मला तेवढंही कुणी मागून दिलं नव्हतं. मी मिरजेला टेलिफोन एक्स्चेंजात लागले होते. कायम झाले होते. लग्न ठरलं आणि इकडनं निरोप गेला, नोकरी नको. माझ्या आईनं हूं की चूं केलं नाही. राजीनामासुद्धा माझ्या भावानं लिहिला, मी सही केली. तिथं होतं त्यातलं चिमूटभरसुद्धा माझ्याबरोबर या घरात आलं नाही. तुझं निदान तसं होऊ नये म्हणून मी त्या आप्पाच्या पाया पडायची बाकी होते.”

ती एक्स्चेंजात होती हे मला माहीत होतं, पण लग्नाआधीची एक गंमत म्हणून. तिथं एका मैत्रिणीनं कसा चुकीचा कॉल जोडला, कोणते साहेब कसे ओरडले, असल्या गोष्टी. ती कायम झाली होती, हे ती कधीच बोलली नव्हती. दुसरा एखादा दिवस असता तर मी तिला जवळ घेतलं असतं. पण त्या दिवशी माझ्यात माया शिल्लक नव्हती.

“म्हणून माझ्यासाठी तू अर्धंच मागितलंस?” मी म्हणाले.

आईनं खिरीचं पातेलं झाकलं.

“तुझ्या आईनं काहीच मागितलं नाही, त्याचा राग तू अजून धरून आहेस. दिसतंय मला. आणि तू त्यांच्याकडं चिमूटभर मागून आलीस म्हणून मी तुला ओवाळू? पुरतं मागायचं होतंस, नाहीतर मला मागू द्यायचं होतंस. नाही म्हणाले असते तर गेले असते ते. मी मेले असते का त्यांच्यावाचून?”

तिनं गॅस बंद केला. पदराला हात पुसले. मला वाटलं आता ही रडणार, आणि मी मनातल्या मनात म्हणाले, रड, मी नाही समजूत काढणार. ती रडली नाही. तिनं पदर खांद्यावरून ओढून कमरेला खोचला, दार उघडलं आणि बैठकीत गेली.

आमच्या आईला पुरुषांच्या बैठकीत बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. ती दारातून पाणी पुढं करायची, बस्स. त्या दिवशी ती सतरंजीच्या मधोमध जाऊन उभी राहिली. संकेत तोवर खाली येऊन आपल्या जागी बसला होता. ताटात सुपारी आणि फोडायला अडकित्ता तयार होता.

“आप्पा,” आई म्हणाली, “मी तुमच्याकडं जे मागितलं ते कमी मागितलं. चुकलं माझं. लॅपटॉप नको आम्हाला. हलका नको, जड नको. तिचा तिच्याकडं आहे. पोरगी लग्नानंतर फौंड्रीत जाणार, रोज जाणार. तुमच्या दारातनं निघायची आणि तुमच्या दारात परत यायची. कबूल असेल तर सुपारी फोडा.”

आप्पांनी अडकित्ता उचलला होता तो तसाच हातात राहिला.

“वहिनी,” नाना म्हणाले, “हे असलं बैठकीत बोलायचं नसतंय. आतल्या आत मिटवायचं असतंय.”

“आतल्या आतच मिटवलं होतं. त्यानंच हे झालं.”

“सुमन!” आण्णा ओरडले. “आत जा. आधी आत जा.”

ती गेली नाही. तिनं आण्णांकडं बघितलंही नाही. संकेतकडं बघितलं. “तुम्ही सांगा. पोरीला तुम्ही शब्द दिला होता ना?”

आता सगळे संकेतकडं बघायला लागले. नाना, आप्पा, आण्णा, आणि दारातून मी. खरं सांगू? इतका राग आला होता, तरी त्या घटकेला मला वाटत होतं की हा हो म्हणेल. एकदा हो म्हणाला असता तर मी गच्चीवरचं सगळं गिळलं असतं. गेटवर काळ्या भुकटीतली मी ज्याला आवडले होते तो माणूस कुठंतरी आत असेल, असं वाटत होतं.

त्यानं मान वर केली, नानांकडं बघितलं आणि म्हणाला, “नाना म्हणतील तसं.”

मला हसू आलं. मी मोठ्यानं हसले. ते ऐकून किरणराव आधी उठले. त्यांनी माझा लॅपटॉप टीपॉयवर नीट ठेवला आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, “चला नाना.” त्या सगळ्यांत तेवढं एक माणूस जरा शरमलं असावं. नाना उठताना आण्णांना म्हणाले, “घरात बाईमाणसाचं एवढं चालतंय हे आधी सांगायचं होतंसा, आमचा रविवार तरी वाचला असता.” आप्पा म्हेत्रे चपला घालताना सारखे पुटपुटत होते, नुसत्या लॅपटॉपवरनं लग्न मोडल्यालं आयुष्यात बघितलं न्हाई. संकेत शेवटी बाहेर पडला. फाटकाशी वळून त्यानं माझ्याकडं बघितलं. मी दार लावलं.

दार लावलं मात्र, आण्णांचा बांध फुटला. माझ्यावर नाही. माझ्यावर ओरडायची त्यांची हिंमत झाली नसावी. सगळं आईवर. “मोडलंस! स्वतःच्या पोरीचं लग्न स्वतःच्या तोंडानं मोडलंस! उद्या अख्ख्या इचलकरंजीत बोभाटा होणार. आता कोण येणार हिला बघायला? काय तोंड दाखवू मी समाजात?” ते येरझाऱ्या घालत होते, सुपारीचं ताट त्यांच्या पायानं उडालं, अक्षता सतरंजीभर झाल्या. “इतकी वर्षं या घरात नांदलीस. कधी एक शब्द वर काढला नाहीस तोंडातून. माझ्या मित्रांना सांगत होतो मी, आमची सुमन म्हणजे गाय. आणि आज चार लोकांत माझी अब्रू काढलीस? आजच कुठनं तोंड फुटलं तुला? आधी कधी बोलली नाहीस ती!”

आई खाली बसून अक्षता गोळा करत होती. तिचे हात थांबले. तिनं वर बघितलं, आणि जे बोलली ते अगदी रोजच्या आवाजात बोलली.

“आधी बोलले असते तर मिरजेहून इथं आलेच नसते.”

आण्णांच्या येरझाऱ्या थांबल्या. ते माझ्याकडं बघायला लागले, जणू मी त्यांच्या बाजूनं काहीतरी बोलणार. मग ते मटकन खुर्चीवर बसले. आईनं त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही.